अण्णांच्या खोलीतला टीव्ही

अण्णांच्या खुब्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले होते. वॉकर धरून ते घरातल्या घरात फिरायचे, पण पायऱ्या चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. अशात पुण्याहून दाजींचा फोन आला, "माझ्या मेंबरशिपचे चार दिवस यंदा तसेच पडून आहेत, सगळे जाऊन या." दाजींनी बऱ्याच वर्षांपूर्वी टाइमशेअर घेतलं. सुरुवातीला एक मोठी रक्कम भरली, आता दरवर्षी ठरावीक दिवस राहायला मिळतात. राहा नाहीतर राहू नका, देखभालीचे पैसे मात्र दरसाल भरावेच लागतात. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळच्या रस्त्याला एका रिसॉर्टमध्ये तळमजल्याची खोली मिळाली.

"मला कशाला न्यायलाव? मी तिथं जाऊन काय करू?" अण्णा म्हणाले. मी म्हणालो, "पाऊस बघा, नातवंडं आहेत, अन् रात्री मोठ्या टीव्हीवर तुमचा जुना पिक्चर लावतो." तेवढ्यावर ते तयार झाले. घरी त्यांचं ठरलेलं असतं. दुपारी कीर्तन, रात्री जेवण झाल्यावर एखादा कृष्णधवल मराठी सिनेमा. ऑपरेशननंतर तर दिवस ढकलायला तोच आधार होता. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी निघायच्या आधी रिसॉर्टला फोन करून टीव्हीचं विचारलं. "स्मार्ट टीव्ही आहे सर, वायफाय फ्री आहे," असं उत्तर आलं आणि माझं समाधान झालं. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यावर विसंबल्यामुळे झाला.

सोमवारी लातूरहून निघून अंबाजोगाई, बीड, गेवराई करत संध्याकाळी पोहोचलो. खोली चांगली होती. छोटा ओटा, गॅस, फ्रिज, भिंतीवर चांगला मोठा टीव्ही. बायकोने बरोबर आणलेले धपाटे गरम करायला घेतले आणि मी रिमोट हातात घेतला. डिशच्या बॉक्सवर हिंदी सिनेमांची आणि बातम्यांची चॅनेलं भरपूर, मराठीत सह्याद्री आणि आणखी दोन. रिसॉर्टचं स्वतःचं एक चॅनेल होतं, त्यावर रात्री नऊला एक हिंदी सिनेमा लागायचा. यूट्यूब, नेटफ्लिक्सची चित्रं पडद्यावर दिसत होती, पण दाबलं की "इंटरनेट नाही". नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जायला गेलो तर ते पानच उघडेना.

आवाजाचंही तेच. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी आवाज वाढवत गेलो तर २० वर आकडा थांबला, पुढे हलेना. अण्णा टीव्हीकडे मान वळवून उजवा कान पुढे करून बसले होते. ते बघून मला फार वाईट वाटलं.

हॉटेलांच्या टीव्हीत हॉटेल मोड म्हणून एक सोय असते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेजारच्या खोलीला त्रास नको म्हणून आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते. टीव्ही सुरू झाल्यावर कोणतं चॅनेल लागावं ते ठरवता येतं, आणि पाहुण्यांनी सेटिंग बिघडवू नये म्हणून मेनू आणि एचडीएमआय (बाहेरचं उपकरण टीव्हीला जोडायची जागा) निवडायचं बटण बंद करता येतं. त्यामुळे घरून नेलेली फायर स्टिक, म्हणजे नेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी छोटी काडी, मी टीव्हीच्या मागे हात घालून कशीबशी लावली, तरी ती पडद्यावर आणायला बटणच नव्हतं.

आधी वायफायचं बघू म्हटलं. मोबाइल जोडला की एक पान उघडायचं, त्यावर खोली नंबर आणि आडनाव टाकायचं. आमचं आडनाव टाकलं, चूक. इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे बदलून पाहिलं, तरी चूक. रिसेप्शनला गेलो तेव्हा उलगडा झाला, बुकिंग मेंबरच्या नावावर होतं. दाजींचं आडनाव टाकल्याबरोबर नेट सुरू झालं. नातेवाइकाच्या मेंबरशिपवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चेक-इनच्या वेळीच विचारलं असतं तर पाऊण तास वाचला असता. एका खोलीला दोनच उपकरणं जोडता येतात हेही तिथेच समजलं. आमच्याकडे चार मोबाइल आणि एक स्टिक.

पहिल्या रात्री पिक्चर झालाच नाही. मुलीने तिच्या मोबाइलवरून टीव्हीवर टाकायचा प्रयत्न केला, पण मोबाइलला टीव्ही दिसेचना. रिसॉर्टच्या वायफायवर प्रत्येक उपकरण एकमेकांपासून वेगळं ठेवलेलं असतं. ते बरोबरच आहे, नाहीतर शेजारच्या खोलीतला माणूस आमच्या टीव्हीवर काहीही लावू शकेल. मग मोबाइलचा हॉटस्पॉट करून बघितला. खोलीत रेंज येत नव्हती, गॅलरीत दोन काड्या यायच्या. नेटफ्लिक्सच्याच माहितीप्रमाणे साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण १ जीबी लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. माझा रोजचा डेटा दीड जीबी. अडीच तासांचा सिनेमा त्यात बसणार नव्हता.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून सकाळी घृष्णेश्वर आणि भद्रा मारुतीचं दर्शन करून सगळे दुपारी खोलीवर परत आले. पाऊस नुसता कोसळत होता. मी रिसेप्शनला जाऊन स्पष्ट सांगितलं, "माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, ते खोलीबाहेर पडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे ही खोली आणि हा टीव्ही." तासाभराने देखभालीचा एक मुलगा आला, खुलताबादचाच. त्याच्याकडे वेगळा रिमोट होता. त्याने काही बटणं क्रमाने दाबली आणि एक लपलेला मेनू उघडला. आवाजाची मर्यादा २० वरून ५० केली, एचडीएमआयचं बटण सुरू केलं आणि टीव्हीलाही नेट जोडून दिलं. जाताना अण्णांना वाकून विचारलं, "आजोबा, आता येतंय का ऐकू?" अण्णांनी हात वर करून "येतंय बाळा" म्हटलं.

टीव्हीवरचं यूट्यूब उघडलं तर आधीच्या पाहुण्यांचं खातं तसंच चालू होतं. त्यांचं नाव, त्यांनी काय काय पाहिलं ते सगळं समोर. मी लगेच ते खातं बंद केलं. पाहुणे गेल्यावर हे पुसणं रिसॉर्टचं काम आहे. पुष्कळ ठिकाणी चेक-आउट झालं की टीव्ही आपोआप स्वच्छ होतो, इथे तशी सोय नव्हती. आम्ही मग टीव्हीवर आमचं काहीच उघडलं नाही, सगळं स्टिकवर ठेवलं. ती निघताना काढून खिशात टाकता येते. कुणी टीव्हीवरच लॉगिन केलं आणि बाहेर पडायचं राहिलं, तर नेटफ्लिक्सच्या खात्यात जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर आपलं खातं चालू आहे ते मोबाइलवरून बघता येतं आणि तिथूनच बंदही करता येतं.

स्टिकवर वायफायचं तेच पान उघडलं, दाजींचं आडनाव रिमोटने एकेक अक्षर शोधत टाकलं. सिनेमा सुरू झाला. साडेआठपर्यंत ठीक चालला, मग फिरणारं गोल चक्र. सगळ्या खोल्यांतली माणसं जेवून आली होती आणि नेट वाटलं जात होतं. मी मोबाइलमध्ये दोन सिनेमे घरूनच उतरवून आणले होते, पण माझ्या मोबाइलच्या चार्जिंगच्या तोंडातून चित्र बाहेर जात नाही. ती सोय महागड्या मोबाइलमध्ये असते. मुलीच्या मोबाइलमधून जात होतं, तर आवाज आला आणि पडदा काळा. पैसे भरून बघायच्या ॲपमधलं चित्र असं मोबाइलमधून दुसऱ्या पडद्यावर नेऊन कॉपी होऊ नये म्हणून ते अडवलेलं असतं.

बुधवारी सगळे लेण्यांना गेले, मी अण्णांजवळ थांबलो. बॅगेच्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह होता, पुतण्याने गावच्या सप्ताहाचं मोबाइलवर केलेलं शूटिंग. टीव्हीच्या बाजूला लावला आणि लगेच चालू झाला. वायफाय नको, आडनाव नको. काल्याचं कीर्तन होतं. कॅमेरा हलत होता, मधेच कुणाचा तरी फेटा आडवा यायचा. टाळकऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे अण्णा उभे होते, ऑपरेशनच्या आधीचे. पावली चालू झाली तेव्हा त्यांचा पाय सगळ्यांबरोबर पुढे पडत होता, मागे येत होता. पलंगावर बसलेल्या अण्णांनी वॉकर हातभर बाजूला सरकवला आणि चादरीवर दोन बोटांनी ठेका धरला. आवाज ४० वर होता. मी तो तसाच राहू दिला. काही वेळाने म्हणाले, "मागं घे जरा. पुन्हा बघू दे." ते आम्ही चारदा पाहिलं.

रात्री सिनेमाही पुरा झाला. जेवण लवकर आटोपून सातलाच लावला, चित्राचा दर्जा कमी केला आणि सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून काढून टाकले. काळ्यापांढऱ्या चित्रपटाला एचडी नसलं तरी चालतं. शेवटपर्यंत एकदाही थांबला नाही.

निघताना अभिप्रायाच्या कागदावर मी सविस्तर लिहून दिलं. तळमजल्याच्या खोल्यांमध्ये म्हातारी माणसं उतरतात, तिथला आवाज आणि एचडीएमआय आधीच मोकळं ठेवा. मराठवाड्यात रिसॉर्ट आहे, तर मराठी चॅनेलं वाढवा. पाहुणे बदलले की टीव्हीवरची खाती पुसा. वायफायचं आडनाव किल्लीबरोबर चिठ्ठीवर लिहून द्या. रिसेप्शनच्या मुलीने कागद पूर्ण वाचला आणि मॅनेजरकडे देते म्हणाली. दीड महिना झाला, उत्तर आलेलं नाही. देखभालीच्या पैशांचा हप्ता मार्चमध्ये आहे, त्या कागदाचा फोटो मी दाजींना पाठवून ठेवला आहे. पैसे भरायच्या आधी ते फोन करून हे चारही मुद्दे विचारणार आहेत.