विनिपेगची कलंडलेली ट्राम

मेन स्ट्रीट आणि मार्केट अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, सिटी हॉलच्या समोरच, एक ट्राम फुटपाथमध्ये अर्धी रुतून तिरकी उभी आहे. शिल्प आहे, पोलाद आणि काचेचं. माझा मावसभाऊ कित्येक वर्षं या शहरात राहतो. आदल्या दिवशी "काहीतरी मॉडर्न आर्ट आहे रे" म्हणत त्याने गाडी पुढे काढली होती. पाहुण्याला पायी चालू द्यायचं नाही, हा आपल्या लोकांचा हट्ट कॅनडात गेल्यावरही सुटत नाही. ह्युमन राइट्स म्युझियम, द फोर्क्स, दोन नद्यांचा संगम, सगळं घाईघाईत उरकलं. मग तो ऑफिसला गेल्यावर मी सरळ बस पकडली आणि इथे येऊन उतरलो.

21 जून 1919, शनिवार. 15 मेपासून शहरात तीस हजारांहून जास्त कामगार संपावर होते, त्यात ट्रामवालेही. 17 जूनला पहाटे संपाच्या पुढाऱ्यांना उचललं. त्याच्या निषेधार्थ महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी मूक मोर्चा ठरवला, मेन स्ट्रीटवर माणूस मावेना, आणि त्या गर्दीत संप मोडून चालवलेली एक ट्राम घुसली! लोकांनी तिचा दांडा विजेच्या तारेवरून खाली ओढला, काचा फोडल्या, गदागदा हलवून ती आडवी करायला बघितली. ती काही पुरती आडवी होईना, तेव्हा आतल्या बाकांना आग लावली. मग घोडेस्वार पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन माणसं गेली. बर्नी मिलर आणि नोम गोनिक यांच्या या शिल्पाचं नाव 'ब्लडी सॅटर्डे', ते संपाच्या शताब्दीला, 2019 मध्ये, इथे बसवलं. त्या दोघांनी ट्रामला पुरतं पाडलेलं नाही, तशीच तिरकी ठेवली आहे, हे मला फार आवडलं. सरळसोट पुतळा असता तर मीही पुढे गेलो असतो.

राग ट्रामवरच का निघाला, हे तिथे उभं राहिल्यावर उमगतं. ती शहराची नव्हतीच, विनिपेग इलेक्ट्रिक या खासगी कंपनीची होती. 1906 च्या ट्राम संपातही रस्त्यावर जाळपोळ झाली होती आणि सैन्य बोलवावं लागलं होतं. पुढे 1915 च्या सुमारास लोक आपल्या मोटारींतून पाच सेंटांत माणसं नेऊ लागले, आपल्याकडच्या शेअर रिक्षांसारखी. 'जिटनी' म्हणत त्यांना. कंपनीचा धंदा बुडायला लागला तशी 1918 मध्ये त्यांच्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी कंपनीनेच वेस्टमिन्स्टर अव्हेन्यूवर पहिली मोटर बस सुरू केली. स्पर्धा मारायची आणि तिचंच सोंग घ्यायचं, हा डाव तेव्हाही जुनाच असणार.

घोड्यांच्या ट्रामने 1882 मध्ये सुरू झालेली गोष्ट सप्टेंबर 1955 मध्ये रूळ सोडून गेली. आता सगळा भार बसवर आहे. बस बनवणारी न्यू फ्लायर ही मोठी कंपनी इथलीच, मुळात 1930 मध्ये ट्रकच्या बॉडी बांधणारं एक छोटं दुकान. मावसभावाला संध्याकाळी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बसने गेलास? फोन नाही का करायचा, मी आलो असतो!"