तुम्ही विचारलंत म्हणून : एम्प्रेस हे नाव कुठून आलं?

नागपुरातला एम्प्रेस मॉल बघून आलेला पाहुणा मला हमखास विचारतो, "इथं खरंच मिल होती का? आणि तिला राणीचं नाव कसं?"

नावाचं उत्तर सोपं आहे. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात ही गिरणी सुरू केली. पण तिची ओळख नावावर संपली की मला वाईट वाटतं. माझे आजोबा तिथं रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते.

सगळे मुंबईत गिरण्या काढत होते, तेव्हा जमशेटजी नागपूरला आले. भोवती कापसाचा मुलूख, रेल्वे दारात आणि वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नाही. जुम्मा तलावाजवळची जागा दलदलीची म्हणून स्वस्तात मिळाली. तिच्यात भरावाची माती पडताना बघून इथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला साफ नकार दिला होता. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याला वाटलं. पुढे त्यानेच कबूल केलं, की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं.

कारभार बेझनजी मेहतांकडे होता. ते रेल्वेतून आलेले, कापडधंदा त्यांना नवा. इंग्लंडमधल्या गिरण्याही ज्याबद्दल साशंक होत्या, ते रिंग पद्धतीचे साचे इथं लवकर आले आणि सूत भराभर निघू लागलं. आजोबांचं खातं ते हेच.

पण मला खरा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा आहे. सुरुवातीला रोज पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. यावर जमशेटजींनी दंड वाढवला नाही. १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. चांगलं काम करणाऱ्यांना बक्षीस समारंभात घड्याळं आणि सोनसाखळ्या दिल्या जायच्या. अपघात भरपाईचा कायदा देशात आला १९२३ ला! काम कष्टाचंच होतं. कापसाची धूळ छातीत जायची आणि आजोबांना म्हातारपणी खोकला सोडत नव्हता, हे मी घरात पाहिलंय. तरी हातपाय गेला तर घर उघड्यावर पडणार नाही, हा भरवसा त्या काळात लहान नव्हता.

१९८६ ला मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ ला बंद झाली.

आता मॉलला जाल तेव्हा थोडं चालत गांधीसागरच्या काठावर या. जुम्मा तलाव तो हाच. त्या दलदलीतलं एवढंच पाणी आता दिसतं. मी तिथं थांबतो आणि पाहुण्यांना आजोबांची पाळी सुटायची ती वेळ सांगतो.