तुम्ही विचारलंत म्हणून: 'गिफ्ट'चा जोक मी क्लासमध्ये का सांगत नाही

प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, मॅडम जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष ना, मग तुम्ही तो जोक का नाही सांगत, बाकीचे सर तर पहिल्याच दिवशी सांगतात. मीही सांगायचे. वर ठोकून द्यायचे की इंग्लिश गिफ्टशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. चूक होतं ते. शब्द एकच आहे, 'देणं' या क्रियापदावरून आलेला. जर्मनमध्येही आधी तोच अर्थ होता, पण ग्रीक-लॅटिनमध्ये औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणायचे, तेही मुळात 'देणं'च (आपला डोस तिथलाच), त्याच धर्तीवर पाजलं जातं ते गिफ्ट झालं आणि पुढे फक्त विष उरलं. जुना अर्थ टिकला तो 'मिटगिफ्ट'मध्ये. मिटगिफ्ट म्हणजे हुंडा.

आता खरं कारण. ताईच्या बैठकीत मुलाचे काका म्हणाले, "हुंडाबिंडा आम्ही घेत नाही हो, गिफ्ट म्हणून काय द्यायचं ते तुमच्या मुलीलाच द्या." बाबांनी खिशातलं पेन काढलं, ते उठेना, म्हणून पेपरच्या कोपऱ्यावर गिरगटलं आणि मग डायरीच्या पानावर लिहायला लागले, पाच तोळे, फ्रिज, मोटरसायकल, काका सांगतायत आणि बाबा हो हो करतायत. मी पोह्यांच्या बशा उचलत होते. १९६१ चा हुंडाबंदी कायदा मला माहीत होता, न मागता दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे हेही, आणि इथे तर समोर मागणीच चालली होती. एक शब्द बोलले नाही. रात्री ताईला हसवायला म्हणून सांगितलं, अगं जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. ती हसली नाही. म्हणाली, "मग लग्नाला काय म्हणतात?" मी 'हाइराट' सांगून मोकळी झाले. स्वीडिशमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि लग्न झालेलं माणूसही, जुन्या इंग्लिशमध्ये तर नवरीसाठी मोजलेल्या किमतीलाच हा शब्द होता, हे सगळं मी नंतर वाचलं.

शब्दाचा इतिहास हे काही माझ्या गप्प बसण्याचं उत्तर नाही, कळतं मला. एकोणीस वर्षांची होते असं स्वतःला सांगते आणि लगेच वाटतं, एकोणीस म्हणजे लहान नाही. बाबांचं पतपेढीचं कर्ज नऊ वर्षं चाललं. ताई सुखात आहे, असं ती म्हणते.

मिटगिफ्ट आला की मी फक्त आर्टिकल सांगते, दास गिफ्ट, दी मिटगिफ्ट, आणि फळा पुसते.