सीजे-३बी जीपचं रिस्टोरेशन : पैसा नेमका कुठे जातो

महिंद्राने अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या परवान्यावर बनवलेली सीजे-३बी जीप मूळ रूपात आणायची म्हटलं की चौकशी सुरू होते ती रंग, सीटचं कॅनव्हास आणि हेडलाइटपासून. हा खर्च आधीच कळतो. बिल फुगतं ते पत्रा, चेसिस आणि गिअरबॉक्समध्ये, तेही गाडी खोलल्यावर.

सगळ्यात महाग असते पत्र्याची मजुरी. पेडलखालचा फ्लोअर, सीटखालचा टाकीचा खळगा, मागच्या चाकांच्या कमानींचे कोपरे आणि टबखालच्या (टब म्हणजे जीपची उघडी पत्र्याची बॉडी) आडव्या पट्ट्या आधी सडतात, कारण तिथे चिखल अडकून ओल धरतो. फ्लोअर कापण्याआधी टबमध्ये चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरके आधार वेल्ड करून घ्यायलाच हवेत. ते केलं नाही तर टब वाकतो, मग विंडशील्डची फ्रेम आणि बॉनेट कधीच नीट बसत नाहीत आणि केलेलं काम पुन्हा कापावं लागतं. नवीन पत्रा १८ गेजचाच घ्या. स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे मूळ जोड) ड्रिलने सोडवून पत्रा काढायचा आणि त्याच जागी प्लग वेल्ड, म्हणजे भोक भरून केलेले वेल्ड, मारायचे. जुन्या पत्र्यावरच नवा ठोकून वर पुट्टी ओढलेलं काम स्वस्त पडतं खरं, पण दोन पावसाळ्यांत फुगे येतात.

सँडब्लास्टिंग चेसिसला उत्तम, बॉनेटला घातक : उष्णता आणि माऱ्याने सपाट पत्र्याला लाटा येतात. ब्लास्ट झालेल्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे, कोकणातल्या हवेत तर तासाभराचीही चालढकल नको. रंगाआधी चेसिसचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ५-६ मिलिमीटरच्या वर असेल तर आधी चेसिस सरळ करण्याचे पैसे धरा.

इंजिन २१९९ सीसीचं एफ-हेड : इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यामुळे एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये ब्लॉकला तडा गेलेला असू शकतो. बोअरिंगचे (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचे) पैसे देण्याआधी तडा तपासून घ्या, एवढं एक काम केलं तरी मोठा भुर्दंड वाचतो. बोअर ०.०४० इंच ओव्हरसाइझच्या पुढे गेला असेल तर सिलिंडरमध्ये स्लीव्ह (आतली नळी) घालावी लागते.

ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) इंटरमिजिएट म्हणजे मधल्या शाफ्टचं भोक झिजून मोठं होतं. मग सील कितीही बदला, ऑइल गळतच राहतं. केस लेथवर बोअर करून बुश घालणं हाच खरा इलाज. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये भरताना साधं जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं गिअर ऑइल वापरा. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) खातात.

आपल्याकडच्या कितीतरी पेट्रोल जीपना नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. अशी गाडी स्वस्त मिळते आणि तिथेच फसगत होते. मूळ रूपात आणायचं तर इंजिनच नव्हे, तर बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), रेडिएटर, कार्टर वायएफ कार्बोरेटर आणि चेसिसवर कापलेले इंजिन माउंट, सगळं परत जमवावं लागतं. सुटे भाग जमवण्यापेक्षा थोडी जास्त किंमत देऊन पूर्ण गाडी घेणं केव्हाही परवडतं.

एस्टिमेट एकरकमी घेऊ नका. टब, चेसिस, इंजिन, ड्राइव्हलाइन (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे भाग) यांचे आकडे वेगळे मागा, गाडी खोलल्यावर ते पुन्हा ठरवा आणि वर २५ ते ३० टक्के राखून ठेवा. मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी आकड्यात धरलाय का, हेही विचारा.

कागद मात्र सौद्याआधीच पाहा. आरसीवरचं इंधन, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीशी जुळले पाहिजेत. गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते : नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर ही नोंदणी घेऊ नका, जुनी आरसीच जिवंत ठेवा.