दुकान कोणाच्या नावावर होते?

उंची अत्तरे, खासगी विमाने, लंडन-न्यूयॉर्कमधली आलिशान घरे आणि या सगळ्याच्या मध्यभागी शून्यातून वर आलेली एक जिद्दी बाई, अशा मांडणीच्या इंग्रजी कादंबऱ्यांना आपल्याकडच्या जाणत्या वाचकांनी कधी गांभीर्याने घेतले नाही, आणि त्या वाचणाऱ्या बायकांना तर त्याहूनही नाही. वास्तवापासून पळ काढण्याचे साधन, असा शिक्का त्यांच्यावर बसला. तो शिक्का मला मान्य आहे. फक्त बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातली बाई त्या पुस्तकांतून पळून नेमकी जात कुठे होती, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. राजवाड्यात आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या बंगल्यात तीही जरा वेळ रमत असे. पण माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा एका दुकानात जाऊन थांबत असे, जिथे गल्ल्यावर ती स्वतः बसलेली होती.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचा भर 1970 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतला. जुडिथ क्रँट्झ, जॅकी कॉलिन्स, सिडनी शेल्डन ही नावे बसस्थानकावरच्या पुस्तकविक्रेत्यालाही पाठ असत. बेळगावात एका बाजूला 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय होते, जिथे मराठी कादंबऱ्यांची शिस्तीत नोंद होई, आणि दुसऱ्या बाजूला गल्लीबोळांत अशी दुकाने होती, जिथे इंग्रजी पुस्तके दिवसाच्या भाड्याने मिळत, त्यांची मुखपृष्ठे चिकटपट्टीने जोडलेली असत आणि मधली काही पाने हमखास गायब असत. (कोणती पाने गायब असत, हे सुजाण वाचकांना सांगायला नको.) पहिल्या ठिकाणचे पुस्तक आम्ही हातात धरून घरी नेत असू, दुसऱ्या ठिकाणचे पिशवीत घालून.

या सर्वांमध्ये ज्या पुस्तकाने माझे खरे शिक्षण केले, ते बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड यांचे ‘अ वुमन ऑफ सबस्टन्स’. ते 1979 मध्ये निघाले आणि त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या, असे सांगितले जाते. लेखिका स्वतः लीड्समध्ये जन्मलेली. शाळा सोडून वृत्तपत्राच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागलेली आणि तिथेच वार्ताहर झालेली. तिची नायिका एमा हार्ट यॉर्कशायरमधल्या फेअरली या धनिक घराण्यात मोलकरीण असते, त्या घरातल्या मुलापासून तिला दिवस जातात, तो तिला वाऱ्यावर सोडतो, आणि ती लीड्सला येऊन आधी शिवणकाम, मग कापडगिरणी, मग एक छोटे दुकान, असे करत करत लंडनमधल्या भव्य दुकानापर्यंत पोहोचते. ज्या घराण्याने तिला राबवले त्याची मालमत्ताही पुढे तिच्याच हाती येते.

या कादंबरीची खरी गंमत तिच्या आरंभात आहे. एमा पहिल्या पानावर मोलकरीण नसते. ती म्हातारी, अफाट श्रीमंत आणि आपल्या साम्राज्याची मालकीण असते, आणि तिथून कथा मागे जाते. सिडनी शेल्डन यांनी 1982 च्या ‘मास्टर ऑफ द गेम’मध्ये हेच केले, तिथे केट ब्लॅकवेल आपला नव्वदावा वाढदिवस साजरा करत असताना भूतकाळ उलगडू लागतो. या युक्तीचा परिणाम फार खोल असतो. नायिका उपाशी झोपते, अपमान गिळते, तान्ह्या मुलीला दुसऱ्याकडे ठेवून कामावर जाते, तेव्हा वाचणारीला दुःख होते पण धास्ती वाटत नाही, कारण पुढे काय होणार हे तिला आधीच सांगून टाकलेले आहे. स्वतःच्या आयुष्यातल्या कष्टांबद्दल एवढी हमी तिला कोणीच दिलेली नसते. पळवाट म्हणतात ती इथे आहे, दागिन्यांच्या वर्णनात नाही. कष्टाचा एकही दिवस वाया जाणार नाही, अशा जगात काही तास राहायला मिळणे, हीच ती पळवाट.

आपल्या श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या बायकांना ही रचना परकी वाटण्याचे कारण नव्हते. शुक्रवारची कहाणी आठवून पाहावी. भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहीण मुलांना घेऊन पंक्तीत बसते, आणि तिचे फाटके कपडे पाहून भाऊ तिला हाताला धरून घालवून देतो. पुढे तिचे दिवस पालटतात, तोच भाऊ मानाने बोलावणे करतो, आणि ती जेवायला बसल्यावर अंगावरचे दागिने उतरवून पानाशेजारी ठेवते व एकेका दागिन्यावर एकेक पदार्थ वाढू लागते. हे जेवण माझे नाही, ज्यांना बोलावलेस त्यांचे आहे. माझ्या मते एमा हार्टने फेअरली घराण्याचा घेतलेला सूड आणि या बहिणीने वाढलेला लाडू यांत जातकुळीचा काहीच फरक नाही. फरक आहे तो मधल्या भागात. कहाणीतल्या बहिणीला शेजारीण व्रत सांगते आणि देवीच्या कृपेने घरात लक्ष्मी येते. पैसा कसा आला, हा प्रश्न तिथे विचारायचाच नसतो. इंग्रजी कादंबरीने नेमका तोच मधला भाग शेकडो पानांचा केला. मालाची खरेदी किती, विक्री किती, उरलेल्यातून पुढच्या दुकानाची तरतूद कशी, हे सगळे त्यात असे, आणि ते वाचताना कंटाळा येत नसे.

हे मला निपाणीच्या एका मावशीमुळे उमगले. ती घरी विड्या वळत असे. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली, आणि त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत, मात्र त्यांत गेलेली पाने आणि तंबाखू हिच्याच खाती. तिला इंग्रजी येत नव्हते, म्हणून सुट्टीत गेले की मी तिच्यासमोर बसून कादंबरी मराठीत सांगत असे आणि तिचे हात चालू असत. मी मोठ्या उत्साहाने एमाची प्रेमप्रकरणे रंगवून सांगू लागले, की ती मध्येच थांबवी. “ते राहू दे गं. दुकानाचं भाडं किती होतं? आगाऊ किती भरली? आणि केलं कुणाच्या नावावर?” नायकाच्या डोळ्यांचा रंग तिने कधी विचारला नाही. गिरणीतल्या कामाचे वर्णन आले तेव्हा तिथे रोज मिळे की उक्ते, यावर तिने मला इतके छेडले, की मला पुस्तक पुन्हा उघडून पाहावे लागले. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर उभ्या राहिलेल्या बायकांच्या संघर्षाचा आणि 1981 च्या तंबाखू आंदोलनाचा काळ निपाणीने पाहिलेला आहे. तिथल्या बाईला कष्टाची ओळख कादंबरीने करून द्यायची नव्हती. कष्टाचा मोबदला कष्ट करणारीच्याच हातात पडतो, एवढी एकच अद्भुत गोष्ट तिला त्या पुस्तकातून हवी होती.

“कुणाच्या नावावर” हा प्रश्न तर आमच्या भागात आजही जिवंत आहे. ही पुस्तके आमच्या हाती आली तेव्हा हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्माने वाटा नव्हता. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने 1994 मध्ये आपापल्या कायद्यांत तो दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर आला. कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोडपत्र आले. भाऊबीजेच्या आसपास बहिणींना तहसील कचेरीत घेऊन जाणारे भाऊ मी माझ्या नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिले आहेत. मी एका सहकारी सोसायटीच्या कर्जविभागात होते. तारणाचे कागद तपासताना उताऱ्यावर बाईचे नाव दिसले, की मी जरा थांबत असे, आणि बहुधा ते नाव करसवलतीसाठी किंवा नवऱ्याच्या थकबाकीपासून घर वाचवण्यासाठी लावलेले निघे. अशा गावात बसून, एक बाई वकिलासमोर स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जागेच्या कागदावर स्वतःची सही करते, हे दृश्य वाचणे कुठल्याही प्रणयदृश्याहून अधिक उत्तेजक होते, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या कादंबऱ्यांचे सीमाभागातले आणखी एक वैशिष्ट्य होते, जे पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येणार नाही. महाविद्यालयात माझी सर्वांत जवळची मैत्रीण कन्नड होती. तिच्या आईकडून तिला त्रिवेणींच्या कादंबऱ्या मिळाल्या होत्या, माझ्या आईकडून मला योगिनी जोगळेकरांच्या. त्या एकमेकींना देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आम्ही एकमेकींची भाषा बोलत होतो, पण कादंबरी वाचण्याइतकी कोणालाच येत नव्हती. बाहेर पाट्यांवरून, मोर्च्यांवरून, नोकरीसाठी कन्नड येते की नाही यावरून जे काही चालले होते, त्यात प्रत्येक पुस्तक कोणत्या ना कोणत्या बाजूचे होते. ती भाड्याची फाटकी इंग्रजी कादंबरी मात्र कोणाच्याच बाजूची नव्हती. तीवर आम्ही दोघींनी अर्धे-अर्धे भाडे भरले, आणि नायिकेने पहिल्या नवऱ्याशी कसे वागायला हवे होते, यावर धर्मवीर संभाजी चौकातल्या बसथांब्यावर मराठी-कन्नड मिसळून भांडलो.

आता दोषांकडे येते, कारण ते आहेत आणि लहान नाहीत. या नायिका नेहमी विलक्षण सुंदर असतात. कुरूप बाईने दुकान काढले, तर लेखिकेला ते रुचत नाही. त्याहून मला खटकते ते असे, की मोलकरीण म्हणून सुरुवात केलेली नायिका श्रीमंत झाल्यावर तिच्या स्वतःच्या घरात ज्या बायका राबतात, त्यांना कथेत जागा उरत नाही. त्या चहा आणून ठेवतात आणि निघून जातात. शेल्डन यांच्या कादंबरीत महत्त्वाकांक्षेची शिक्षा नायिकेच्या मुलांना भोगावी लागते. केट आपल्या मुलाला धंद्यात ओढण्यासाठी त्याचे चित्रकार होण्याचे स्वप्न एका समीक्षकाला हाताशी धरून चिरडते, आणि त्या घराण्याची पुढे वाताहत होते. हेच एखाद्या कारखानदार बापाने केले असते, तर ते कर्तबगारीच्या खाती जमा झाले असते, असे मला वाचताना सारखे वाटत राहिले. ब्रॅडफर्ड यांच्या म्हाताऱ्या एमालाही मुले दगा द्यायला निघतात, पण ती त्यांच्यावर मात करते आणि वारसा नातवंडांकडे नेते. एका लेखिकेने आपल्या नायिकेवर केलेली ही मेहेरबानी मला अधिक न्याय्य वाटते.

अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून 1984 मध्ये एक पुस्तक लिहिले. त्या बायकांच्या दृष्टीने कथेइतकेच महत्त्व वाचण्याच्या कृतीला होते, कारण हातात पुस्तक असेपर्यंत घरातले कोणी आपल्यावर हक्क सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे मला पटते, पण आमच्याकडे ते जसेच्या तसे लागू होत नाही. पुस्तक घेऊन बसलेली सून आमच्या घरांत मोकळीच समजली जाई, आणि तिला लगेच काहीतरी निवडायला दिले जाई. मावशीने तर कादंबरी ऐकली ती विड्या वळतच.

आमच्या मराठी कादंबऱ्यांनी ही गरज का भागवली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. 1930 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले, 1933 मध्ये विभावरी शिरूरकरांनी शिकलेल्या मुलींची घुसमट मांडली, सुमती क्षेत्रमाडे यांच्यासारख्या लेखिका तर स्वतः डॉक्टर होत्या. म्हणजे कर्त्या स्त्रीची आपल्याला ओळख नव्हती असे नाही. पण मी वाचलेल्या वाचनालयी कादंबऱ्यांतली कर्ती नायिका डॉक्टर किंवा शिक्षिका असे आणि ती कमावलेले भावंडांसाठी वेचत असे. नफा मिळवणारी आणि तो स्वतःकडे ठेवणारी बाई आली, की ती हमखास नायकाची पहिली, उद्धट बायको निघे. सेवेला प्रतिष्ठा होती, नफ्याला नव्हती.

भाड्याची ती दुकाने आता मोबाइलच्या सामानाची झाली आहेत आणि माझी भाची मराठी कथा प्रतिलिपीसारख्या ॲपवर भाग-भाग करून वाचते. त्यांतल्या अनेक कथांत एक देखणा, रागीट, अतिश्रीमंत सीईओ असतो आणि नायिका त्याच्या कचेरीत नोकरीला लागून अखेर त्याची बायको होते. एमा हार्टनंतर इतक्या वर्षांनी कंपनी पुन्हा नवऱ्याच्या नावावर गेली, याचा मला खरोखर राग येतो, आणि भाचीला मी तो बोलूनही दाखवते. तिचे म्हणणे असे, की दिवसभर कामाच्या ठिकाणी साहेबांची बोलणी खाल्ल्यावर तोच साहेब रात्री कोणाच्या तरी पाया पडताना वाचायला तिला आवडते, आणि यावर मला उत्तर सापडलेले नाही. अलीकडे तिने मला एक वेगळी कथा पाठवली आहे, ज्यात नायिका घटस्फोटानंतर भाकरी आणि चटण्यांचा व्यवसाय सुरू करते. भाषा बाळबोध आहे, योगायोग भरमसाट आहेत, तरीही मी रोजचा नवा भाग चुकवत नाही. व्यवसायासाठी तिला सात लाखांचे कर्ज मिळाल्याचे मात्र लेखिकेने एका ओळीत उरकले आहे. तारण काय दिले आणि जामीनदार कोण राहिले, हे मी तिला लिहून विचारले आहे.