तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या विजेवर चालल्या, मग जैवइंधन अजून कशाला?

“सगळंच विजेवर जाणार असेल, तर तुम्ही लोक अजून जैवइंधनात का अडकून पडला आहात?” हा प्रश्न मला चर्चेत विचारतात, पत्रातून विचारतात. बॅटरीवर काम करणारे सहकारीही विचारतात, आणि तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी कीव असते. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी मोकळी होत आले. त्या दोन वाक्यांनी कुणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही.

आधी कबुली देते. मोटारीपुरता हा वाद संपला आहे आणि जैवइंधन तो हरलं आहे. एक हेक्टर जमीन धरा. त्यात ऊस लावून इथेनॉल केलं तर वर्षाला साधारण ७ हजार लिटर मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाजूल ऊर्जा असते, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२. म्हणून लिटरला १० किलोमीटरच धरू. झाले ७० हजार किलोमीटर. त्याच हेक्टरवर सौर पॅनल मांडले तर अर्धा मेगावॉट क्षमता बसते आणि बऱ्या उन्हात वर्षाला ७०० मेगावॉट-तासांच्या आसपास वीज निघते. चार्जिंगमधली गळती धरून मोटारीला किलोमीटरमागे ०.२ किलोवॉट-तास लागतात. म्हणजे ३५ लाख किलोमीटर. पन्नास पट! आकडे ढोबळ आहेत, पण ते दुप्पट चुकले तरी निकाल बदलत नाही. पान सूर्यप्रकाशातला जेमतेम एक टक्का साठवतं, पॅनल वीस टक्के घेतो. वर इंजिन इंधनातली दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकतं. हे गणित मला कुणी नव्याने समजावू नये, मी ते स्वतः कितीदा तरी मांडलं आहे.

पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती आज दुकानातून बाहेर पडणारी नवी गाडी. माझ्या डोळ्यांसमोर कालच रस्त्यावर आलेला डिझेल ट्रक असतो, ट्रॅक्टर असतो, जनरेटर असतो. ही इंजिनं पंधरा-वीस वर्षं सहज चालतात. ती भंगारात जाईपर्यंत त्यांच्या टाकीत काय पडणार, हा माझा विषय. आणि तो किती सोपा समजला जातो, हे सांगायला २००५ सालच्या मिनेसोटाकडे जावं लागतं.

अमेरिकेतल्या या राज्याने २९ सप्टेंबर २००५ पासून डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं डिझेलसारखं इंधन, मिसळणं सक्तीचं केलं. सोयाबीन तिथलंच, कारखाने तिथलेच, आणि प्रमाण अवघं दोन टक्के. दोन टक्क्यांनी इंजिनाला काय होणार, असं त्या वेळी या क्षेत्रातले जवळजवळ सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होते. थंडी सुरू झाली आणि ट्रकांचे इंधन फिल्टर तुंबायला लागले. डिसेंबरमध्ये राज्याला सक्ती काही दिवसांपुरती थांबवावी लागली आणि ती मुदत जानेवारी २००६ पर्यंत वाढवावी लागली. तपासणीत काही बॅचमध्ये ग्लिसरीन मर्यादेबाहेर सापडलं.

हे ग्लिसरीन येतं कुठून, ते नीट पाहू. १०० किलो तेल घ्यायचं. त्याला हिशेबाने ११ किलो मिथेनॉल पुरतं, पण प्रक्रिया पुढे ढकलायला दुप्पट, म्हणजे २२ किलो घालावं लागतं. उत्प्रेरक म्हणून तेलाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का कॉस्टिक सोडा किंवा सोडियम मिथॉक्साइड. तापमान ६० अंश, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. तासभर ढवळल्यावर साधारण १०० किलो बायोडिझेल वर राहतं आणि १० किलो ग्लिसरीन तळाशी बसतं. तेलात पाणी असेल किंवा मुक्त स्निग्धाम्लं (तेलाच्या रेणूतून सुटलेली आम्लं) एक टक्क्याच्या वर असतील, तर उत्प्रेरक साबण करण्यात खर्ची पडतो, थर वेगळे होत नाहीत आणि ग्लिसरीन वरच्या थरात अडकून राहतं. प्रक्रिया घाईने आटोपली तर तेलाचे रेणू अर्धवट तुटतात. तीन साखळ्यांपैकी दोन सुटतात, एक ग्लिसरीनला चिकटूनच राहते. हे मोनोग्लिसराइड. ते धुऊन जात नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अमेरिकी मानकात मुक्त, म्हणजे सुट्या ग्लिसरीनला ०.०२ टक्के आणि सुटं व चिकटलेलं मिळून एकूण ग्लिसरीनला ०.२४ टक्के अशी मर्यादा आहे.

मग दोन टक्क्यांनी घात कसा केला? आमचा अंदाज नेमका इथे उलटा ठरला. आम्ही धरून चाललो होतो की मिश्रण जितकं पातळ, तितका धोका कमी. शुद्ध बायोडिझेल स्वतः थोडं ध्रुवीय, म्हणजे रेणूत विद्युतभार किंचित असमान वाटलेलं असतं, त्यामुळे मोनोग्लिसराइड त्यात विरघळून राहतं. त्यात ९८ टक्के डिझेल ओतलं की हा आधार जातो. अशुद्धीचं प्रमाण घटतं, पण तिला धरून ठेवण्याची द्रावणाची ताकदही घटते, आणि थंडीत ती आणखी घटते. हजार लिटर इंधनात बायोडिझेल वीस लिटर, म्हणजे साडेसतरा किलो. त्यात एक टक्का अशुद्धी असली तर पावणेदोनशे ग्रॅम मेणचट गाळ होतो, आणि तो सगळा ताटाएवढ्या चाळणीत पसरत नाही. तळहातात मावणाऱ्या, दहा मायक्रॉनच्या फिल्टरच्या कागदावर साचतो.

याहून वाईट म्हणजे तेव्हा ज्या चाचणीवर भिस्त होती तिला हे दिसतच नव्हतं. थंडीतली चाचणी म्हणजे क्लाउड पॉइंट, अर्थात इंधन कोणत्या तापमानाला धुरकट दिसू लागतं ते. सोयाबीनच्या बायोडिझेलला हे साधारण शून्य अंशाला होतं, पामच्या बायोडिझेलला त्याच्या कितीतरी आधी. पण नमुना थंड करत नेतानाच्या त्या थोड्या मिनिटांत ही अशुद्धी बाहेर पडत नाही. ती तासन् तास घेते, आणि क्लाउड पॉइंटच्या वरच्या तापमानालाही खाली बसते. सोया आणि पाम तेलांतून येणारे स्टेरिल ग्लुकोसाइड नावाचे अशुद्ध घटक तर एकदा बाहेर पडले की गरम करूनही सहज परत विरघळत नाहीत. गाडी उबेत आणून ठेवली तरी फिल्टर तुंबलेलाच राहतो, तो यामुळे. डिझेलमधलं साधं मेण उबेला विरघळतं, आणि फिल्टर कशाने तुंबला याचा पहिला अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

यातून पुढे कोल्ड सोक चाचणी आली आणि २००८ मध्ये ती अमेरिकी मानकात घेतली गेली. ३०० मिलिलिटर नमुना १६ तास ४.५ अंशांना ठेवायचा. मग त्याला आपोआप २० ते २२ अंशांवर येऊ द्यायचं, म्हणजे नेहमीचे चरबीचे स्फटिक विरघळून जातात आणि परत न विरघळणारंच मागे उरतं. मग ०.७ मायक्रॉनच्या काचतंतूच्या फिल्टरमधून निर्वाताने ओढायचा. ३६० सेकंदांच्या आत सगळा नमुना गेला तर पास. उणे १२ अंशांखाली वापरायचं असेल तर २०० सेकंदांच्या आत. इतकी साधी चाचणी आहे. सक्ती लागू झाली त्या दिवशी ती मानकात नव्हती, आणि ती असायला हवी असं आमच्यापैकी कुणी जोर लावून म्हटलं नव्हतं.

“बघा, म्हणजे इंधनच वाईट,” असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठते. इंधन वाईट नव्हतं. वाईट बॅच होत्या, आणि त्या पकडण्याची सोय नव्हती. तेच राज्य पुढे २००९ मध्ये पाच टक्क्यांवर गेलं, २०१८ पासून उन्हाळ्यात वीस टक्क्यांवर. हिवाळ्यात मात्र पुन्हा पाचच. ऋतूप्रमाणे प्रमाण बदलायचं, हा शहाणपणा फिल्टर तुंबल्यावर आला. पण हे सगळं सांगून झाल्यावर माझी मलाच शंका येते. ज्या इंधनाला इतकी राखण लागते ते हजारो टाक्यांत निभावेल, असं मी त्या वेळी कशाच्या जोरावर सांगत होते? प्रयोगशाळेतल्या स्वच्छ नमुन्याच्या. रस्त्यावरची टाकी तशी नसते. जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षांचा गाळ असतो, आणि बायोडिझेल तो उत्तम धुऊन काढतं. म्हणून वीस टक्के मिश्रण पहिल्यांदा भरण्याआधी टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ काढावा लागतो. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा लागतो. पाणी तर सतत काढत राहावं लागतं, कारण बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतं आणि गारठा पडला की ते तळाशी सोडतं. पाणी आणि इंधन भेटतात त्या रेषेवर बुरशी वाढते. साठा सहा महिन्यांहून जुना होऊ द्यायचा नाही. तांबं, पितळ, जस्त यांचा संपर्क टाळायचा, नाहीतर ऑक्सिडेशन वाढतं, आम्ल होतं, डिंक होतो. शुद्ध बायोडिझेल असेल तर नैसर्गिक आणि नायट्राइल रबराच्या नळ्या फुगतात, तिथे फ्लुओरोरबर बसवायचं. यातलं एकही काम अवघड नाही, पण एकही सुटलेलं चालत नाही.

इलेक्ट्रिकवाले सहकारी इथे हसतात. त्यांच्याकडेही राखण आहेच. शून्य अंशाखाली जोरात चार्ज केलं की बॅटरीतलं लिथियम ॲनोडच्या (चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या टोकाच्या) आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. फरक इतकाच की ती राखण गाडीतलं नियंत्रण आपोआप करतं. चार्जिंगचा वेग उतरवतं, पॅक आधी गरम करून घेतं. चालकाला काही करावं लागत नाही. हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही.

ट्रकबद्दल मी चुकले, हेही इथेच लिहून टाकते. लांबच्या पल्ल्याचे ट्रक बॅटरीवर जाणार नाहीत, असं मी ठामपणे सांगत असे. ४० टनी ट्रकला किलोमीटरमागे साधारण १.३ किलोवॉट-तास लागतात. ५०० किलोमीटरला ६५० किलोवॉट-तास, म्हणजे चार टनांचा पॅक. मी इथे थांबून निकाल देत असे. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, धुराडं निघाल्यावर दोनेक टन परत मिळतात, हे मी हिशेबात घेतच नव्हते. शिवाय युरोपात चालकाला साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात ८०० किलोवॉटने ६०० किलोवॉट-तास भरता येतात. माझं जुनं वाक्य मोडीत निघालं.

विमानाचं वाक्य मात्र मी अजून मागे घेत नाही. जेट इंधनात किलोमागे जवळपास १२ किलोवॉट-तास असतात, बॅटरी पॅकमध्ये ०.२ च्या आसपास. मोटरची कार्यक्षमता दुप्पट-अडीचपट धरली तरी वीसपटींहून मोठी खाई उरते, आणि इंधन जळून हलकं होतं तशी बॅटरी होत नाही. पण तिथे बायोडिझेल चालत नाही. जेट इंधनात ते एका किलोत ५० मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर भेसळ ठरतं. तेच तेल हायड्रोजनखाली धरून, त्यातला ऑक्सिजन काढून, साखळ्या तोडून आणि वाकवून गोठणबिंदू उणे ४७ अंशांपर्यंत न्यावा लागतो. त्यात ॲरोमॅटिक, म्हणजे खनिज इंधनात असणारे कड्याच्या आकाराचे रेणू, नसतात, त्यामुळे विमानातली जुनी रबरी सीलं आक्रसून गळू शकतात. म्हणून आज ते निम्म्यापर्यंतच मिसळू देतात.

आणि या इंधनांसाठी तेल हवं ते एकदा तळून झालेलं. नवं तेल पिकवायचं म्हटलं तर कुठेतरी जंगल तुटतं. २००८ मध्ये अमेरिकी संशोधक टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या इथेनॉलसाठी हा हिशेब मांडला. त्यात वीस टक्के बचतीऐवजी तीस वर्षांत उत्सर्जन जवळजवळ दुप्पट निघालं. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाले, नंतरचे अंदाज खाली आले, पण जमीन फुकट नसते हे तेव्हापासून कुणाला झटकता आलेलं नाही. वापरलेलं तेल मोजकंच आहे आणि त्याला गिऱ्हाइकं दोन. विमानाचं इंधन करताना साखळ्या तुटतात, हायड्रोजन जास्त लागतो आणि हाती कमी माल येतो. तेच तेल आज ट्रकच्या टाकीत गेलं तर त्याच किलोमागे खनिज इंधन जास्त वाचतं. पण ट्रकला उद्या दुसरी वाट आहे, विमानाला नाही. शिवाय आज ट्रकला दिलेलं प्रत्येक पिंप त्या इंजिनाचं आयुष्य वाढवायला निमित्त होतं, हा बॅटरीवाल्यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. कधी मी हे तेल आजच्या ट्रकला द्यावं असं म्हणते, कधी पुढच्या विमानासाठी कारखाने आत्तापासून उभे करावेत असं म्हणते. दोन्ही वेळा मी मनापासून बोलत असते.