तेहेतीस सेकंद आणि एक गुडघा

रविवार, रात्र

मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक, 7 ऑक्टोबर 2023. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कोचवर वैतागायचं असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. स्वच्छ अशासाठी, की यात नशीब, पंच, दुखापती यांतलं काहीच आड येत नाही. उरते ती फक्त वजाबाकी.

मायामी 20, जॉर्जिया टेक 17. मायामी त्या मोसमात तोवर एकही सामना हरलेली नव्हती. चेंडू मायामीकडे, टेकच्या 30 यार्ड रेषेवर, तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), दहा यार्ड बाकी. घड्याळात साधारण 33 सेकंद आणि टेककडचे घड्याळ थांबवायचे टाइमआउट संपलेले. आता क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्याने, स्नॅप (डाव सुरू करताना मागे दिला जाणारा चेंडू) घ्यायचा, गुडघा टेकवायचा आणि हस्तांदोलनाला निघायचं. गुडघा टेकला की चेंडू मृत होतो, पण घड्याळ चालूच राहतं. पुढचा स्नॅप करायला 40 सेकंद मिळतात. गुडघा टेकायला दोन सेकंद गेले तर उरतात 31. चाळीसातून एकतीस वजा करायला मशीन लागत नाही.

मराठीत गुडघे टेकणं म्हणजे हार मानणं. या खेळात मात्र जिंकणाऱ्यानेच टेकायचा असतो. मायामीचे मुख्य कोच मारिओ क्रिस्टोबाल यांना मराठी येत असावं, कारण त्यांनी टेकू दिला नाही.

चेंडू रनिंग बॅककडे, म्हणजे तो घेऊन पळणाऱ्याकडे, गेला. 26 सेकंद उरले असताना तो त्याच्या हातून सुटला आणि टेकने आपल्या 26 यार्डांवर उचलला. रिप्ले पाहूनही निर्णय बदलला नाही. मग 30 यार्डांचा एक झेल, त्यानंतर 44 यार्डांचा दुसरा, थेट शेवटच्या रेषेपलीकडे: टचडाउन, सहा गुण. घड्याळात एक सेकंद. 23-20. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही स्वतःच ताट पालथं घातल्यामुळे.

पळणाऱ्या पोराचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की गर्दीत घुस, एक यार्ड जास्त काढ. आणि अशा वेळी बचाव करणारे माणसाला पाडायला येत नाहीत, ते चेंडूवर ठोसे मारायला येतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने कोपराखालून चेंडू उपसायचा. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. मायामीला त्या धावेतून मिळण्यासारखं काहीच नव्हतं. पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, तोसुद्धा नको होता.

कबड्डी पाहणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल. एका गुणाची आघाडी, शेवटची चढाई आपली, शेवटचे तीस सेकंद. निदान रेषा ओलांडायची, वेळ काढायची, परत यायचं. तिथे कोणी कोपऱ्यातल्या खेळाडूला हात लावायला आत शिरला तर मैदानाबाहेर बसलेली आजीसुद्धा ओरडेल.

शेवटच्या 44 यार्डांवर त्या मानाने कमी बोललं जातं. चेंडू मायामीच्या 44 वर होता, म्हणजे बरोबरीसाठी 61 यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक; ती आणखी मागून मारतात आणि खांब रेषेच्या मागे असतात). टेकला अजून दहा-बारा यार्ड हवे होते आणि बचावाचा जीव त्या दहा-बारांत अडकला. अशा वेळी सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, नियम एकच: सगळ्यात लांब गेलेल्या रिसीव्हरच्याही (झेल घेणाऱ्याच्याही) मागे राहायचं. समोर झेल घेतला तर घेऊ दे, मैदानाच्या आत पाड, घड्याळ आपलं काम करेल. मागे कोणीही सुटता कामा नये. सुटला.

गुडघ्याचा हिशेब कोचच्या हातातल्या तक्त्यावर असतोच. समोरच्याकडे टाइमआउट नसेल तर तिसऱ्या डाउनला साधारण 40 सेकंद, दुसऱ्याला 80, पहिल्याला दोन मिनिटं संपवता येतात. समोरच्याच्या प्रत्येक टाइमआउटमागे यातून चाळीसेक सेकंद कमी करायचे. रचनाही ठरलेली: क्वार्टरबॅकच्या डाव्या-उजव्या हाताला दोघे चिकटून उभे, स्नॅप निसटलाच तर झडप घालायला. तिसरा बराच मागे, सगळंच फिसकटलं तर चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायला.

ही रचना रुळली तीही अशाच एका गाढवपणानंतर. 19 नोव्हेंबर 1978, व्यावसायिक लीग, न्यूयॉर्क जायंट्स 17-12 ने पुढे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे टाइमआउट नाही. गुडघ्याऐवजी चेंडू हातात द्यायला गेले, निसटला, हर्मन एडवर्ड्सने उचलून 26 यार्ड पळवला. ईगल्स 19-17. जायंट्सच्या आक्रमणाच्या कोचची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. म्हणजे हा धडा 2023 साली पंचेचाळीस वर्षांचा होता.

क्रिस्टोबाल यांच्यापुरता तो पाच वर्षांचाच होता, आणि खरा संताप त्याचा. सप्टेंबर 2018, ते ओरेगनचे कोच, स्टॅनफर्डविरुद्ध 31-28 ने पुढे, शेवटचं मिनिट. चेंडू पळवला, सुटला. स्टॅनफर्डने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये 38-31 ने सामना नेला. तिथे नुसत्या गुडघ्याने पूर्ण वेळ संपली असती का, यावर वाद घालता येतो. मायामीत वादाला जागाच नव्हती. सामन्यानंतर त्यांनी स्वतःच मान्य केलं की गुडघा टेकायला हवा होता. वरातीमागून घोडं.

माणूस अडाणी नाही. 1989 आणि 1991 च्या राष्ट्रीय विजेत्या मायामी संघांत ते ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीत, खेळले. समोरच्याला ढकलत नेणं हाच ज्याचा धर्म, त्याला शेवटच्या मिनिटालाही ढकलावंसंच वाटत असणार. खेळाडू गोळा करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. 2024 ला दहा सामने जिंकले. पण म्हणूनच बाजूला एक तिऱ्हाईत हवा, ज्याचं काम फक्त घड्याळ आणि टाइमआउट, आणि ज्याच्या ‘नाही’ला मुख्य कोचही मान देईल.

अशा माणसाला इतर कामंही पुष्कळ आहेत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्ले-क्लॉक (स्नॅपसाठीचं ते 40 सेकंदांचं घड्याळ) संपत आला म्हणून घाईने टाइमआउट घेतात, ते थांबवायचं. उशिराचा दंड पाच यार्ड. अर्ध्या सामन्याला मिळणाऱ्या तीन टाइमआउटपैकी एक शेवटच्या दोन मिनिटांत चाळीस सेकंद वाचवतो. पाच यार्ड देऊन टाका.

दुसरं म्हणजे, शेवटी शेवटी 14 ने मागे असताना टचडाउन केला, आता आठने मागे. टचडाउननंतर एका गुणाची किक किंवा दोन गुणांचा प्रयत्न, यांतलं एक निवडता येतं; बहुतेक कोच डोळे मिटून किक मारतात. दोन गुणांचा प्रयत्न 45 टक्के वेळा जमतो, किक कधी चुकत नाही, आणखी एक टचडाउन होतो आणि समोरच्याला गुण मिळत नाहीत, असं धरून चालू. आत्ताच दोन मिळाले तर पुढचा टचडाउन आणि किक, थेट विजय: 45 टक्के. नाही मिळाले तर पुढच्या वेळी पुन्हा दोनचा प्रयत्न, त्यातून बरोबरी: सुमारे 25 टक्के. बरोबरीतले निम्मे सामने जिंकले तर एकूण 57. दोन्ही वेळा किक मारली तर 50. सात टक्के फुकट पडलेले असतात, उचलायला कोणी वाकत नाही, कारण पहिला प्रयत्न फसला की शिव्या कोचला पडतात आणि किक मारून हरलं तर पोरांना.

पैशाचं बोलू नये, पण. क्रिस्टोबाल यांच्या कराराचा बातम्यांत आलेला आकडा दहा वर्षांचे आठ कोटी डॉलर. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा घरी बसवण्याचेच साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचे ठरले. चाहत्याने ‘काढा याला’ ओरडायचं तरी कसं?

शनिवारी शेवटची दोन मिनिटं आली की स्कोअर नंतर बघायचा. आधी क्वार्टरबॅकच्या दोन्ही हातांना दोघे चिकटून उभे आहेत का, आणि मागे लांब तिसरा दिसतोय का, ते बघायचं.